जाईबाईंनी उघडलेला अर्ज

सरळच सांगते. आम्ही नऊ जणांनी मिळून एका शहाण्या बाईला वेडं ठरवलं. त्या नऊंतली एक मी. नाव दर्शना. महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसलेय, त्यामुळे जीभ तिखट आहे आणि डोकं लवकर तापतं. समोर उभा राहिलेला माणूस खरा किती नि बनेल किती, हे मला चेहऱ्यावरून कळतं असा माझा मोठा गैरसमज होता. काही कळत नाही. हे मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, आणि कुणाच्या जिवावर शिकले ते ऐका.

जाईबाई कोंडीराम तांबे. वय एकाहत्तर. चिंचपोकळीला आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून खोली. माहेर खेडकडचं, त्यामुळे बोलताना मध्येच ‘गो’ आणि ‘बाय’ येतं. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, संपानंतर घरीच बसला आणि बसल्या बसल्या गेला. पदरात मूल नाही. बाईंनी डबे केले, शिवण केलं, बालवाडीत पोरं सांभाळली, आणि एवढं करून संध्याकाळी लोकांची लग्नं जुळवली.

आमचं बौद्ध वधू-वर सूचक मंडळ म्हणजे कागदोपत्री दहा जणांची कमिटी आणि प्रत्यक्षात जाईबाई. अठ्ठावीस वर्षं. सुरुवातीला एक दोनशे पानी वही होती, मग वह्यांची चळत झाली. बाईंचे नियम दोनच. पहिला, आलेला अर्ज एकाच माणसाने वाचायचा. म्हणायच्या, "दहा जणांनी वाचला की तो अर्ज राहत नाही, चाळीची बातमी होते." दुसरा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय कुणालाही नाही म्हणायचं नाही. अर्ज कितीही फालतू असू दे.

आणि त्यांचा जीव सगळा ‘अपेक्षा’ या रकान्यात. मुलगा दिसतो कसा ते फोटो सांगतो, शिकलाय किती ते सर्टिफिकेट सांगतं, पण माणूस कसा आहे ते अपेक्षेत कळतं, असं त्यांचं म्हणणं. एकाने लिहिलं होतं, ‘मुलगी नोकरी करणारी हवी, परंतु सासूच्या परवानगीने.’ बाईंनी त्याला फोन लावला आणि विचारलं, "आधी तुझ्या आईला कुठे लावायची का नोकरी? मग तिला कळेल परवानगी कशाशी खातात ते." पुढे त्याच मुलाचं लग्न बाईंनीच जुळवलं, आणि ती सून आज नगरपरिषदेत नोकरी करते.

आता अजित. अजित मोहिते, तिसऱ्या मजल्यावरचा. त्याची आई एका हॉस्पिटलात आया होती, तिची ड्युटी असेल तेव्हा हा जाईबाईंकडे जेवायचा, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस. त्यांना मावशी म्हणायचा, अरे-तुरे करायचा, ताटातला बोंबील उचलायचा. दादरला कॉम्प्युटरचा क्लास केला आणि वेबसाइटी करायला लागला. हिंदमाताची साडीची दुकानं, केटरर, एक फोटो स्टुडिओ, असली गिऱ्हाइकं. त्याचं लग्नही बाईंनीच जुळवलं, महाडची मुलगी. आवाज चांगला, त्यामुळे मंडळाच्या प्रत्येक सभेत त्रिशरण पंचशील तोच म्हणायचा आणि आम्ही मागून. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील त्याच्याच तोंडून मी किमान शंभरदा ऐकलंय. असो. पुढे येतेच त्यावर.

लॉकडाऊनमध्ये अर्ज घेऊन कुणाला येता येईना तेव्हा अजितने मंडळाची वेबसाइट करून दिली. "मावशी, हे माझ्याकडून," म्हणाला. खोटं कशाला बोलू, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

साइट करताना कुणी सगळं स्वतः लिहीत नाही, हे मला आता कळलंय. तयार तुकडे मिळतात, त्यांना प्लगइन म्हणतात, ते जोडायचे. अर्ज भरून घ्यायचं काम असाच एक फुकट मिळणारा प्लगइन करायचा. पण तो परदेशी, त्यात आपले रकाने कुठून असणार? बाईंनी हट्ट धरला. गाव हवं, मंगलपरिणयाचा विधी घरी करणार की हॉलवर ते हवं, आणि अपेक्षेचा रकाना मोठा हवा, हवं तेवढं लिहिता आलं पाहिजे, आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जाता कामा नये. अजितने त्या प्लगइनच्या पोटातच हात घातला आणि सगळं मराठीत करून दिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

बाई एकोणसत्तराव्या वर्षी लॅपटॉप शिकल्या. सकाळी आंघोळ, बुद्धवंदना, मग बरोबर आठ वाजता लॅपटॉप उघडायच्या आणि रात्रीतून आलेले अर्ज एकेक करून वाचायच्या. पासवर्ड पाठ. कुठे लिहिलेला नाही, कुणाला सांगितलेला नाही. मी एकदा गमतीत विचारला तर म्हणाल्या, "तुला कशाला गो? तुझं झालंय लग्न."

गेल्या वर्षीची गोष्ट. चौदा एप्रिलच्या जयंतीची धामधूम संपली आणि आठवड्याभरात फोन सुरू झाले. पहिला नायगावच्या एका बापाचा. त्याच्या मुलीला दिवसाला चाळीस-पन्नास अनोळखी फोन येत होते, घाणेरडे. मग दुसरा, मग दहावा. मंडळात नोंदवलेल्या तीनशे बारा मुलींची नावं, फोटो, नंबर, पत्ते, सगळी यादी बाहेर गेली होती आणि कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरत होती. मनवा म्हणून एक मुलगी, बँकेत लागलेली. तिच्या फोटोने कुणीतरी खोटं खातं उघडून तिच्या साहेबालाच मेसेज पाठवले. तिने कामावर जाणं सोडलं.

जाईबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. ज्या बाईने अठ्ठावीस वर्षं शेजारणीलासुद्धा कुणाचा अर्ज दाखवला नाही, तिच्या हातातून तीनशे बारा लेकींची अब्रू रस्त्यावर आली होती.

मेच्या दुसऱ्या रविवारी सभा झाली. अजितने पंचशील म्हटलं. मग खिशातून एक कागद काढला. यादी बाहेर गेली ती सतरा एप्रिलला सकाळी आठ वाजून एकवीस मिनिटांनी, आणि गेली ती जाईबाईंच्या लॉगिनने. कागदावर तसं स्वच्छ छापलेलं होतं. आम्ही सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला, जसं काही आम्हाला त्यातलं कळत होतं.

"मावशी, आठव जरा," अजित किती मायेने म्हणाला. "कुणाला पासवर्ड सांगितलास? कुठल्या लिंकवर बोट लागलं? बँकेतून बोलतोय म्हणून कुणाचा फोन?"

"नाही रे," बाई म्हणाल्या. "मी फक्त अर्ज वाचत होते." आणि मग जरा विचार करून म्हणाल्या, "त्या दिवशी एक अर्ज विचित्र होता. मुलाचं नाव, गाव, शिक्षण सगळं होतं आणि अपेक्षा कोरी. मी दोनदा बघितलं. अपेक्षा कोरी सोडताच येत नाही ना आपल्याकडे? मग कोरी कशी राहिली?"

अजित म्हणाला, "मावशी, त्याचा इथे काय संबंध?"

आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. घरात म्हातारं माणूस काहीतरी असंबद्ध बोललं की बाकीचे जसे बघतात, तसं. बाईंच्या ते लक्षात आलं. मंडळाचं कामकाज त्यांच्याकडून काढून घ्यावं, असा ठराव आला. हात वर करा म्हटलं. नऊ हात वर झाले, बाई सोडून सगळे. मी चिटणीस, त्यामुळे चाळीच्या फळ्यावर लागलेल्या नोटिशीवर सहीही माझीच. मजकूर अजितने सांगितला: ‘ज्येष्ठ सदस्येच्या वयोमानपरत्वे झालेल्या विस्मरणामुळे घडलेल्या प्रकाराबद्दल मंडळ दिलगीर आहे.’ तीच नोटीस सगळ्या कुटुंबांच्या फोनवर गेली.

बाईंनी एकच मागणं केलं. ज्या घरांना त्रास झाला तिथे त्या स्वतः जाऊन माफी मागणार. जून ते सप्टेंबर, दर रविवारी, अजितच्या स्कूटरवर मागे बसून, एकशे चौदा घरं. बाकीच्यांनी येऊ नका म्हणून कळवलं. अजित स्वतःच्या सुट्ट्या मोडून नेतो-आणतो म्हणून चाळ त्याचं कौतुक करून थकत नव्हती. पोटचा मुलगा करणार नाही एवढं करतोय, असं मीच चार ठिकाणी बोलले. मनवाच्या घरी तिच्या आईने बाईंना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बाहेर पॅसेजमध्ये बाई हात जोडून उभ्या, आणि अजित शेजारी उभा राहून सांगतोय, "वय झालंय हो मावशीचं, समजून घ्या." हे तो प्रत्येक दारात सांगायचा. एकशे चौदा वेळा.

एकच गोष्ट एवढ्या वेळा स्वतःच्या कानांनी ऐकली की माणूस ती खरी मानायला लागतो. जाईबाईंनी मानली. ऑगस्टच्या सुमाराला त्या मला म्हणाल्या, "दर्शना, माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय गो. मला ते आठवतच नाही. पासवर्ड सांगितल्याचं काही केल्या आठवत नाही. म्हणजे किती पुसलं गेलं असेल बघ."

मी काय करावं? मी त्यांना आमच्या दवाखान्यात नेलं, स्वतः केसपेपर काढला, आणि तक्रार या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, विसरभोळेपणा. डॉक्टरीणबाईंनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाईंनी सगळं बरोबर सांगितलं, अगदी दोनपर्यंत येऊन थांबल्या. डॉक्टरीण म्हणाली, माझ्यापेक्षा चांगली आहे यांची स्मरणशक्ती. त्यावर मी काय म्हटलं असेल? "हो, पण कधी कधी असतो चांगला दिवस."

मग खोलीत चिठ्ठ्या लागायला लागल्या. गॅस बंद. कुलूप दोनदा ओढणे. गोळी घेतली, तारीख. खाली भाजी आणायला गेल्या की अर्ध्या जिन्यातून परत यायच्या. मला हाक मारून म्हणायच्या, "एकदा बघून ये, मी शेगडी बंद केलीय ना?" शेगडी नेहमी बंद असायची. लोकांसाठी काही करून पाठवणं सोडलं, मीठ दोनदा पडलं तर काय, म्हणून. कुणी लग्नाबद्दल काही विचारायला आलं तर हात जोडायच्या आणि म्हणायच्या, माझ्यावर भरवसा ठेवू नका बाबा. सहा महिन्यांत चालती-बोलती बाई भिंतीला टेकून बसली. ते बघून वाईट वाटायचं, पण शप्पथ सांगते, शंका एकदाही आली नाही.

नोव्हेंबरात पोलिसांकडून निरोप आला. नायगावच्या त्या बापाने तेव्हाच तक्रार नोंदवली होती, तिच्या फायलीला मंडळाचे ईमेल छापून हवे होते. ईमेल अजितच बघायचा. तो महाडला सासुरवाडीला गेला होता. मी फोन केला, त्याने पासवर्ड लगेच दिला. बिनधास्त दिला, कारण आलेल्या पत्रांची पेटी त्याने साफ करून ठेवली होती, ते मी उघडल्यावर दिसलंच. पण मी सव्वीस वर्षं कारकुनी केलेली बाई. आमच्याकडे आलेला कागद हरवला की आपण काय उत्तर पाठवलं त्याची प्रत बघायची, ही सवय. मी पाठवलेल्या पत्रांची पेटी उघडली. ती साफ करायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

पहिलं पत्र अकरा फेब्रुवारीचं. यादी फुटली त्याच्या दोन महिने आधीचं. माझगावच्या माया नावाच्या कुणा मुलीला अजितने लिहिलं होतं: ‘माया मॅडम, कळवल्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं बरोबर आहे. प्लगइनची नवीन दुरुस्त आवृत्ती आली आहे हे मला माहीत आहे, पण ती टाकली तर मी केलेले सगळे मराठी बदल उडतील, म्हणून थोडा वेळ लागेल. तोवर मंडळात कुणाला सांगू नये ही विनंती. जुनी माणसं आहेत, घाबरतील.’

दुसरं पत्र मेमधलं, तिलाच: ‘नाही, यादी फुटण्याचा त्या त्रुटीशी काही संबंध नाही. आमच्या एका वृद्ध सदस्येने पासवर्ड बाहेर दिला होता.’ तारीख बघितली. सभेच्या दोन दिवस आधीची. म्हणजे "मावशी, आठव जरा" म्हणायच्या आधी दोन दिवस त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

पत्राखाली त्या मुलीचा नंबर होता, तो फिरवला. माया कुठल्याशा कंपनीत हेच काम करते, साइटांमधल्या फटी शोधायचं. पण आमच्या साइटवर ती त्यासाठी आलीच नव्हती, स्वतःचं नाव नोंदवायला आली होती. अर्ज भरता भरता फट दिसली, म्हणून कळवलं आणि अर्ज न भरताच निघून गेली.

"म्हणजे नेमकं काय होतं ते मला खिडकीवरच्या बाईला कळेल असं सांग," मी म्हटलं.

"मावशी, अर्जाच्या रकान्यात माणसाने शब्द लिहायचे असतात," ती म्हणाली. "समजा, कुणी शब्दांऐवजी कॉम्प्युटरला दिलेला हुकूम लिहिला. चांगला प्लगइन तो हुकूम निकामी करतो, नुसती अक्षरं म्हणून दाखवतो. तुमचा जुना प्लगइन तसं करत नव्हता. तो हुकूम अर्जात तसाच पडून राहायचा. मग मंडळाचं जे माणूस तो अर्ज वाचायला उघडेल, त्याच्या कॉम्प्युटरवर तो गुपचूप चालणार, आणि त्याच माणसाच्या अधिकाराने. त्याला यादी बघायचा हक्क असेल तर यादी बाहेर. पासवर्ड लागत नाही, लिंक लागत नाही. फक्त उघडायचं."

"आणि कागदावर नाव कुणाचं छापून येणार?"

"ज्याने उघडलं त्याचं."

मग म्हणाली, "त्या बाईंना एकदा विचारून बघा. हुकूम असला की तो डोळ्यांना दिसत नाही. एखाद्या अर्जात मोठा रकाना कोरा दिसला असेल त्यांना."

मी मोबाईल खाली ठेवला. भर सभेत सांगितलं होतं त्या बाईने. ज्या दिवशी विचारलं त्याच दिवशी, न अडखळता, नेमकं तेच बोट ठेवून. खोलीत दहा माणसं होती, त्यातल्या एकालाच त्याचा अर्थ कळला, आणि तो म्हणाला, त्याचा इथे काय संबंध. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हे.

मी दोन्ही पत्रांच्या छापील प्रती घेऊन वर गेले. बाईंनी चष्मा लावला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, सवयीप्रमाणे. मायाने सांगितलेलं मी सांगितलं. त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं. मग विचारलं, "ही तारीख बरोबर आहे? मी नीट वाचतेय ना?" मी म्हटलं, बाई, तुम्ही नीट वाचताय. तुम्ही सगळंच नीट वाचलं होतं. त्या रडल्या नाहीत. मला वाटलं होतं रडतील, मोकळ्या होतील. कागदांची घडी घालून उशीखाली ठेवली आणि म्हणाल्या, "अजित आला की पाठव."

तो रविवारी आला. मला बाहेर जायला बाईंनी सांगितलं नाही, म्हणून मी बसून राहिले. कागद बघितल्यावर तो आधी माझ्यावरच उखडला, दुसऱ्याची पत्रं वाचता म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी हाताने थांबवलं.

मग त्याचा आवाज उतरला. "मावशी, मी सांगणार होतो. खरंच. पण तोच प्लगइन मी हिंदमाताच्या अकरा दुकानांना लावलाय. ही गोष्ट फुटली असती तर मला कुणी दारात उभं केलं नसतं. दोन पोरं आहेत माझी. आणि खोटं तरी काय बोललो मी? तुझ्याच लॉगिनने गेली ना यादी? अर्ज तूच उघडलास ना?"

"उघडला," बाई म्हणाल्या. "तुला तेव्हाच कळलं होतं? मी अपेक्षा कोरी म्हटलं तेव्हा?"

तो कागदांची घडी घालायला लागला.

"मग मला एकटीला येऊन सांगायचंस रे," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळेच ऐकवत नव्हतं. "मावशी, माझं चुकलंय, घर बुडेल, असं म्हणायचंस. मी घेतलं असतं माझ्या अंगावर. तुझ्यासाठी घेतलं असतं, तुलाही ठाऊक आहे ते. एकशे चौदा घरी जाऊन सांगितलं असतं की माझ्या हातून झालं. पण मला ठाऊक असतं ना, की मी खोटं सांगतेय. माझं डोकं तरी माझ्यापाशी राहिलं असतं."

अजित रडायला लागला. बाईंनी त्याला जवळ घेतलं नाही. पाणी विचारलं नाही. जरा वेळाने तो उठून गेला, आणि त्याच्या मागे दार त्यांनी स्वतः लावून घेतलं.

मी मात्र पेटले होते. सभा बोलवू, त्याला कमिटीतून काढू, दुसरी नोटीस लावू, प्रत्येक घरी पाठवू, पोलिसांच्या फायलीत पत्रं लावू, मी बोलतच सुटले. पत्रं मी पोलिसांना दिलीही. नोटीसही लावली, मोठ्या अक्षरात, तिच्यावर सही माझीच. बाईंनी मोडता घातला नाही. कमिटीने हात जोडून सांगितलं की काम परत तुम्हीच घ्या. त्या म्हणाल्या, बघू. मी दोन दिवसांनी लॅपटॉप घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर ठेवला. नवी साइट आहे, माया स्वतः करून देतेय, काही भीती नाही, असं सगळं सांगितलं. खरं तर मला त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता, जाऊ दे म्हणून. तो मिळाला की मी सुटले.

"बाई, त्या अजितने आपल्या सगळ्यांनाच फसवलं," मी म्हटलं.

"मला त्याने फसवलं," त्या म्हणाल्या. "तुला कुठे फसवलं?"

मी लॅपटॉप उघडायला लागले.

"मला आठवत होतं, दर्शना. पहिल्या दिवसापासून स्वच्छ आठवत होतं, की मी कुणालाही काही सांगितलं नाही. पण तुम्ही नऊ जण एका बाजूला आणि माझी आठवण एका बाजूला. मी तुम्हाला मानलं, स्वतःला नाही." त्यांनी लॅपटॉप हळूच माझ्याकडे सरकवला. "अजित खोटं बोलला, त्याला पोरं होती, पोट होतं, काहीतरी कारण होतं. तू मला पंचवीस वर्षं ओळखतेस. मी वेडी झाले हे मानायला तुला काय कारण होतं?"

खाली भाजीवाल्याची हाक आली तशा बाई उठल्या, शेगडीकडे गेल्या, हात लावून बघितला, आणि मग मला म्हणाल्या, "एकदा तूही बघ गो, बंद आहे ना?"